स्वतःच्या आयुष्यावर लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः अशा माणसांचे आहेत, ज्यांनी वही आणली, चार-सहा पानं लिहिली आणि मग गाडी अडली. सगळं ओळीने वाचायची गरज नाही. जिथे अडला असाल तिथून सुरुवात करा.

आत्मचरित्र आणि आठवणींचं पुस्तक यांत फरक काय?

आत्मचरित्र जन्मापासून आजपर्यंतचा अख्खा पट मांडतं. आठवणींचं पुस्तक त्यातला एकच पट्टा उचलतं: आजारपणाची तीन वर्षं, एक नोकरी, आई आणि मुलगी, एका गावातून उठून दुसरीकडे जाणं. आत्मचरित्र वाचक बहुधा लेखक आधीच माहीत असतो म्हणून उघडतो. तुम्ही कोण हे वाचकाला ठाऊक नसेल, तर त्याला धरून ठेवायला तो पट्टाच उपयोगी पडतो. आत्मकथन, आत्मवृत्त, आठवणी हे शब्द आपल्याकडे बरेच सैलपणे वापरले जातात, त्यामुळे नावाच्या वादात पडू नका. कुठून कुठपर्यंत लिहायचं, एवढं आधी ठरवा.

माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं विशेष काहीच घडलेलं नाही. तरी लिहू का?

लिहा. स्वतःला एकच विचारा: मला आतून माहीत आहे आणि बाहेरच्याला माहीत नाही, असं काय आहे? ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या ऑपरेटरला नुसत्या आवाजावरून काय काय कळायचं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलताना हात नेमका कुठे घालायचा, तोतरं बोलणारा मुलगा वर्गात आपलं नाव सांगायची वेळ आली की मनात काय काय जुळवतो. याला घटना मोठी लागत नाही, माहिती नेमकी लागते. उलट खरोखर मोठ्या घटना जगलेली माणसं बरेचदा ढोबळ लिहितात, कारण घटनाच सगळं काम करेल असं त्यांना वाटतं.

जन्मापासून सुरुवात करू का?

शक्यतो नको. 'माझा जन्म अमुक साली तमुक ठिकाणी एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला' या वाक्यानंतर वंशावळ येते, मग आजोबांचा स्वभाव, मग घराचं वर्णन. पंचवीस पानं होतात आणि त्यात तुम्ही स्वतः पाहिलेलं काहीच नसतं, सगळं ऐकीव असतं. लिहिणाराही इथेच कंटाळतो.

त्याऐवजी हे करून बघा. शंभरेक कोरी कार्डं किंवा पाठकोरे कागदाचे तुकडे घ्या. एका कार्डावर एकच प्रसंग, दहा शब्दांच्या आत: 'शाळेत फी न भरल्याने उभं केलं', 'पहिला पगार, पाकीट हरवलं'. 'बालपण', 'कॉलेजचे दिवस' असली कार्डं फाडून टाका, ते प्रसंग नव्हेत. आठवडाभर जसं सुचेल तसं लिहीत राहा. पन्नास-साठ कार्डं झाली की जमिनीवर पसरा आणि एकमेकांशी बोलणारी एकत्र ठेवा. बहुतेक वेळा एक ढीग इतरांपेक्षा बराच मोठा होतो. तुमचं पुस्तक त्या ढिगात आहे. बाकीची कार्डं पाकिटात घालून ठेवा, फेकू नका.

मग त्या ढिगाला एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हालाही पुरतं माहीत नाही. 'आईने ती नोकरी का सोडली?' हा चालेल. 'मी किती कष्टाने वर आलो?' हा चालणार नाही, कारण त्याचं उत्तर पहिल्या पानावरच ठरलेलं आहे.

मला फारसं आठवतच नाही. काय करू?

डोळे मिटून 'आठव, आठव' म्हटल्याने काही येत नाही. आठवणीला खुंटी लागते. सगळ्यात भरवशाची खुंटी म्हणजे जागा. ज्या घरात राहायचात त्याचा नकाशा कागदावर काढा. प्रमाणात नसला तरी चालेल, पण दारं, खिडक्या, दिव्याची बटणं, कोण कुठे झोपायचं, पावसात कुठे गळायचं, किल्ली कुठे असायची, हे सगळं भरा. अर्ध्या तासात एखादी तरी अशी गोष्ट वर येते, जी वर्षानुवर्षं मनात आली नव्हती.

फोटो घेतलात तर चेहऱ्यांपेक्षा कडांकडे बघा: मागचं कॅलेंडर, कुणाचा तरी अर्धाच आलेला हात, अंगावरचे मापाचे नसलेले कपडे. आणि फोटो कुणी काढला हे विचारा. फोटोत नसलेला माणूस बरेचदा महत्त्वाचा निघतो.

कागदपत्रं जमवा: प्रगतिपुस्तकं, पासबुकं, औषधांच्या चिठ्ठ्या, बदलीचे आदेश, भाडेपावत्या. त्यावरून चार रकान्यांचा तक्ता करा: साल, माझं वय, घरात काय, बाहेर जगात काय. चौथा रकाना सोडू नका. 'तेव्हा मी सातवीत होतो' हे नक्की वाटत असतं, आणि ज्या निवडणुकीच्या रात्रीचा प्रसंग आहे ती पाचवीतच झालेली असते.

आणखी एक लक्षात ठेवा. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्य आठवायला सांगितलं, तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी वाजवीपेक्षा जास्त येतात, हे मानसशास्त्रातलं पुन्हा पुन्हा दिसलेलं निरीक्षण आहे. म्हणून मधल्या वयातली वर्षं पुस्तकात पातळ होतात. त्या काळासाठी कागद आणि इतर माणसं यांच्यावर जास्त भिस्त ठेवा.

पण आठवतंय ते खरं आहे कशावरून?

पुष्कळदा ते जसंच्या तसं खरं नसतं. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून 'बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कुणी सांगितलं' हे लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्याच काहींना परत तेच विचारलं. अनेकांची उत्तरं पार बदलली होती, खात्री मात्र दांडगी होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवूनही मूळ आठवण परत आली नाही.

याचा अर्थ लिहूच नये असा नाही. तीन गोष्टी पाळा. तपासता येईल ते तपासा: तारखा, अंतरं, कोण तेव्हा हयात होतं, त्या वर्षी ती गाडी धावत होती का. जे तपासता येत नाही तिथे वाक्यातच तसं कबूल करा: 'माझ्या डोळ्यांसमोर ती हिरव्या साडीत आहे, बहीण म्हणते पांढऱ्या.' आणि भावंडांच्या आठवणी तुमच्याशी जुळत नसतील, तर दोन्हींची सरासरी काढून तिसरंच काही लिहू नका. न जुळणं हाच तिथला मजकूर आहे.

भावंडांना विचारण्याआधी मात्र स्वतःची आठवण लिहून तारीख घाला. एकदा त्यांचं ऐकलं की दोन्हींची खिचडी होते आणि आपलं काय होतं ते सांगता येत नाही.

वीस-तीस वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः कसे आठवणार?

आठवत नाहीत, आणि वाचकालाही ते ठाऊक असतं. ज्या वाक्याची खात्री आहे तेवढंच अवतरणात ठेवा. घराघरात अशी दोन-चार वाक्यं असतात, जी सगळ्यांना तोंडपाठ असतात. बाकीचं आशयाने सांगा: 'पैशांवरून बोलणं वाढत गेलं आणि शेवटी काकांनी आवाज खाली आणला.' संवाद रचलाच, तर तो माणूस खरंच असं बोलायचा का, एवढं बघा. दीड पानाचं सलग संभाषण आलं की लेखकावरचा विश्वास उडतो. सहावीतलं मूल तत्त्वज्ञासारखं बोलायला लागलं तर नक्कीच.

लिहिलंय सगळं, पण वाचताना निबंधासारखं वाटतं. का?

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, म्हणून जरा सविस्तर. पहिल्या मसुद्यात साधारण असं असतं:

'वडील फार शिस्तप्रिय होते. त्यांना वेळ वाया घालवलेला खपत नसे. आम्ही सगळे त्यांना खूप घाबरायचो. पण मनाने ते प्रेमळ होते.'

चार वाक्यं, चार निष्कर्ष. यांतले वडील कुणाचेही असू शकतात. आता हे बघा:

'वडील सायकल जिन्याखाली लावायचे. स्टँडचा खट् आवाज आला की दादा रेडिओ बंद करायचा, ताई पाय खाली घ्यायची आणि मी हाताला लागेल ती वही उघडायचो. बारा पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीवर ते जरा थांबायचे. आत आले की आधी रेडिओवर हात ठेवायचे. तो गरम असायचा. मग काही न बोलता हात धुवायला आत जायचे.'

शिस्त, भीती आणि प्रेम तिन्ही आहेत, पण एकाचंही नाव घेतलेलं नाही. प्रेम त्या शेवटच्या पायरीवरच्या थांबण्यात आहे. ते दम लागून थांबायचे की मुलांना आवरायला वेळ द्यायला, हे लेखकाने सांगितलं नाही ते बरं केलं.

तरीही यात एक गोची आहे, आणि ती मराठीत लिहिणाऱ्यांना फार छळते: लावायचे, यायचे, ठेवायचे. हा रोजच्या रिवाजाचा भूतकाळ बोलताना गोड लागतो. पण पानंच्या पानं तो चालला की वाचकाला कळतं, इथे काहीच घडत नाहीये, सगळं 'व्हायचं'. म्हणून परिच्छेदभर रिवाज सांगून झाला की तो मोडा:

'एका संध्याकाळी रेडिओ गार होता. आम्ही तो लावलाच नव्हता. ते हात ठेवून तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "काय झालं?"'

'असायचा'चा 'होता' झाला आणि गोष्ट सुरू झाली. स्वतःच्या मसुद्यात 'यचो, यचे, यची' खाली पेन्सिलने रेघ मारत जा. एका पानावर पंधरा-वीस रेघा दिसल्या, तर त्या पानाला 'एके दिवशी'ची गरज आहे.

एक सावधगिरी: नेमकेपणा हवा म्हणून तो बनवू नका. पायऱ्या किती होत्या ते आठवत नसेल तर आकडा घालू नका, 'जिना चढताना पावलं मोजता यायची' एवढं पुरे आहे.

सगळंच प्रसंगांत लिहायचं का? विचार कुठे मांडायचे?

सगळंच प्रसंगांत लिहिलं तर वाचकाला धाप लागते. तीन वर्षं एका वाक्यात उडवायची आणि तीन मिनिटांना सहा पानं द्यायची, ही मुभा तुम्हाला आहे. ती वापरा.

पुस्तकात 'मी' दोन असतात. एक तेव्हाचा, ज्याला पुढचं काही माहीत नाही. दुसरा आज लिहिणारा. दोघांना एका वाक्यात कोंबू नका. 'दहा वर्षांच्या मला पितृसत्ताक व्यवस्थेची जाणीव झाली' हे वाक्य पडतं ते याचमुळे. मुलाला दिसलं ते मुलाच्या शब्दांत लिहा, आणि आजचं म्हणणं वेगळ्या वाक्यात, शक्यतो प्रसंग संपल्यावर. दर प्रकरणाच्या शेवटी तात्पर्य द्यायचा मोह होतो. शेवटचा परिच्छेद झाकून वाचून बघा. दहातल्या आठ वेळा तो नसला तरी चालतं.

प्रकरणं काळाच्या क्रमानेच लावावीत का?

पहिल्या पुस्तकाला काळाचा क्रमच बरा, वाचक हरवत नाही. फार तर सुरुवातीला मधला एखादा तापलेला प्रसंग ठेवून मग मागे जा. काळ पुढे-मागे करायचाच असेल तर प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या तीन ओळींत वय किंवा साल कळलं पाहिजे. सण, वस्तू किंवा माणसं यांच्यावर प्रकरणं बांधली तर ती सुटे लेख होतात. तसं हवं असेल तर हरकत नाही, पण मग त्याला लेखसंग्रह म्हणा.

किती लिहायचं? किती दिवस लागतात?

डेमी, म्हणजे मराठी पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर, १४ पॉइंटच्या अक्षरात साधारण २५० ते २८० शब्द बसतात. म्हणजे २०० पानांच्या पुस्तकाला ५० ते ५५ हजार शब्द लागतील. घरच्यांपुरतं लिहायचं असेल तर २० हजारही भरपूर झाले.

रोज ३०० शब्द, आठवड्याला पाच दिवस, असं धरलं तर ५० हजारांचा कच्चा मसुदा आठ महिन्यांत होतो. 'रविवारी निवांत बसून लिहीन' असं म्हणणाऱ्यांचं सहसा पुढे सरकत नाही, कारण सहा दिवसांनी सूर पुन्हा लावावा लागतो आणि त्यातच सकाळ जाते. उठताना मधल्याच वाक्यावर थांबा आणि पुढे काय येणार ते दोन शब्दांत टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झटापट करावी लागत नाही. कच्चा मसुदा संपेपर्यंत मागचं वाचून दुरुस्त करत बसायचं नाही, एवढा एक नियम पाळलात तरी पुष्कळ झालं.

लिहिण्याऐवजी बोलून रेकॉर्ड केलं तर?

ज्यांचे हात किंवा डोळे थकलेत त्यांच्यासाठी उत्तम. फोन तोंडापासून हातभर अंतरावर, टेबलावर थेट न ठेवता घडी घातलेल्या कापडावर ठेवा. पंखा बंद करा, तो जितका ऐकू येतो त्याच्या दुप्पट रेकॉर्ड होतो. एका बैठकीला ४०-४५ मिनिटं पुरे, त्यापुढे माणूस दमतो आणि आधीचंच सांगायला लागतो. फाइलला लगेच तारीख आणि विषय द्या.

एक तास ऐकून हाताने उतरवायला चार ते सहा तास लागतात. आवाजावरून आपोआप टाइप करणारी साधनं मराठी बऱ्यापैकी उतरवतात, पण विशेषनामं, बोलीतले शब्द आणि विरामचिन्हं यांत चुकतात, त्यामुळे आवाज ऐकत एकदा तपासावंच लागतं. उतरवलेलं म्हणजे पुस्तक मात्र नव्हे. बोलण्यात 'म्हणजे ना', 'काय सांगू' आणि हातवारे पुष्कळ काम करतात, ते कागदावर येत नाहीत. लय ठेवा, पुनरुक्ती काढा.

समोरच्याला प्रश्न विचारत असाल तर 'तुमचं बालपण कसं होतं?' असं विचारू नका, 'छान होतं' एवढंच उत्तर मिळेल. 'शाळेतून आलात की दप्तर कुठे टाकायचात?' असं विचारा. आणि उत्तर संपल्यावर पाच सेकंद गप्प बसा. खरी गोष्ट बरेचदा त्या शांततेनंतर येते.

घरच्यांबद्दल लिहिलं तर संबंध बिघडतील. काय करावं?

पहिला मसुदा कुणालाही न दाखवता, कुणालाही न वगळता लिहा. काय ठेवायचं हा निर्णय छापायच्या आधी घ्यायचा असतो, लिहायच्या आधी नव्हे.

मग एकेका माणसाचं नाव घेऊन तपासा: या प्रसंगात मी आहे का, की मी केवळ दुसऱ्याचं गुपित सांगतोय? बहिणीचं मोडलेलं लग्न ही तिची गोष्ट आहे. त्या रात्री तुम्ही दाराबाहेर बसून काय ऐकलंत, ती तुमची. हयात आणि जवळच्या माणसांना त्यांच्यापुरती पानं छपाईआधी द्या, संपूर्ण पुस्तक नको. 'परवानगी आहे का?' असं विचारलं की नकारच येतो. 'यात काही चुकलंय का?' असं विचारा. लोक तपशील दुरुस्त करतात, आणि त्यातून बरेचदा नवीन प्रसंगही मिळतो.

नाव बदललं की कायद्याने सुटका होते का?

नाही. वर्णनावरून ओळखीच्यांना माणूस कळत असेल, तर नाव बदलूनही बदनामीचा दावा होऊ शकतो. 'आमच्या शाळेचे तेव्हाचे मुख्याध्यापक' यात नाव नाही, पण माणूस एकच आहे. खरं असणं हा अनेक ठिकाणी बचाव असतो, पण ते खरं आहे हे दाखवायची जबाबदारी बहुधा लिहिणाऱ्यावर येते, आणि आठवण हा तोकडा पुरावा आहे. म्हणून गुन्हा, लाच, व्यसन, आजार, लैंगिक वर्तन यांविषयी ओळखता येण्याजोग्या हयात माणसाबद्दल काहीही लिहिलं असेल, तर ती पानं वकिलाला दाखवा. अख्खं पुस्तक दाखवायची गरज नाही, त्या पानांवर खुणा करून न्या. नोकरीत गोपनीयतेचं बंधन घेतलं असेल तर ते निवृत्तीनंतरही लागू असू शकतं. रुग्ण, अशील, विद्यार्थी यांच्याबद्दल लिहितानाही तेच.

नावं बदलली असतील तर सुरुवातीलाच एका ओळीत सांगा. दोन माणसांचं मिळून एक पात्र करणं शक्यतो टाळा. केलंच, तर तेही सांगा.

त्रासाचे प्रसंग लिहायला घेतले की दोन दोन दिवस जातात.

वेळ बांधून घ्या: १५-२० मिनिटं, घड्याळ लावून. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोकांनी आघातांविषयी लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहिलं. लिहून उठल्यावर लगेच बरं वाटत नव्हतं, उलट मन खाली गेलेलं असायचं. तेव्हा तसं होणं अपेक्षितच आहे. झोपायच्या आधी असे प्रसंग लिहू नका, आणि लिहून झाल्यावर हाताला काहीतरी साधं काम ठेवा. झोप उडाली, प्रसंग नको तेव्हा डोळ्यांसमोर यायला लागला, तर लिखाण बाजूला ठेवून समुपदेशकाशी बोला. पुस्तकाला कुठली घाई नाही.

लेखनाच्या बाजूने एकच सूचना: प्रसंग जितका भयंकर, वाक्यं तितकी साधी. विशेषणं काढा. 'हृदयद्रावक' हा शब्द आला की वाचक सावरून बसतो, आणि मग त्याला काही लागत नाही.

जुनी पत्रं, फोटो, गाण्याच्या ओळी वापरता येतील?

पत्र तुमच्या ताब्यात असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो गेला असेल तर त्याच्या वारसांचा असतो. हा हक्क मृत्यूनंतर किती काळ टिकतो हे देशागणिक बदलतं. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराने किमान ५० वर्षं ठरवली आहेत, अनेक देशांत ६० किंवा ७० आहेत. पत्रात काय होतं हे स्वतःच्या शब्दांत सांगायला सहसा अडचण येत नाही. स्टुडिओत काढलेल्या फोटोचा हक्क फोटोग्राफरकडे असू शकतो. गाण्याच्या दोनच ओळी घेतल्या म्हणजे परवानगी लागत नाही, हा गैरसमज आहे. गाण्याचं नाव घ्या, ओळी टाळा.

फोटो छापायच्या आकाराला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करावे लागतात. दोन बाय तीन इंचांचा फोटो दुप्पट मोठा छापायचा असेल तर ६०० ने करा. फोटो मेसेजिंग अ‍ॅपवरून मागवलात तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर वाटेत तो दाबून लहान होतो आणि छापल्यावर फुटतो. फोटोच्या मागचंही स्कॅन करा. नावं आणि तारखा तिथेच असतात.

टायपिंग कशात करावं?

युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर किंवा फोनवर सारखंच दिसणाऱ्या पद्धतीत. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेलं टायपिंग दुसऱ्या संगणकावर उघडलं की रोमन अक्षरांचा गिचमिडा दिसतो, आणि ते बदलून घेताना जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. इनडिझाइन या पुस्तकाची पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम होणार असेल तर त्यातला 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' हा पर्याय निवडायला सांगा. ते राहिलं की वेलांट्या भलत्या जागी जातात आणि प्रूफ वाचणारा उगाच शुद्धलेखनाच्या चुका शोधत बसतो.

प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी, नावात क्रमांक आणि तारीख. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरी' असली नावं नकोत. एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर, एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा नातेवाइकाकडे. वहीत लिहीत असाल तर आठवड्याला पानांचे फोटो काढून ठेवा.

मसुदा झाला. आता दुरुस्ती कशी करायची?

आधी महिनाभर ठेवून द्या. मग तीन फेऱ्या करा, आणि त्या एकमेकींत मिसळू नका. पहिल्या फेरीत फक्त प्रकरणं बघा: कुठलं काढायचं, कुठलं हलवायचं. सुरुवातीचं एखादं प्रकरण बहुतेक वेळा जातं, कारण ते वाचकासाठी नव्हे, स्वतःला धीर द्यायला लिहिलेलं असतं. दुसऱ्या फेरीत परिच्छेद. तिसरीत वाक्यं, आणि ही फेरी मोठ्याने वाचून करा. जीभ अडखळली तिथे खूण करा. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी; जे प्रकरण जाणार आहे त्याच्या वेलांट्या कशाला तपासायच्या?

वाचायला कुणाला द्यायचं? तीन जणांना: एक तो काळ माहीत असलेला, एक तुम्हाला अजिबात न ओळखणारा, एक वयाने बराच लहान. 'कसं वाटलं?' असं विचारू नका. कुठे थांबलात, कुठे पानं चाळलीत, काय कळलं नाही, एवढं विचारा. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे गडबड आहे. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय मात्र घ्यायलाच हवा असं नाही.

दुसऱ्याकडून शब्दांकन करून घेतलं तर चालेल?

चालेल, पण कागदावर ठरवा: किती तासांच्या मुलाखती, किती मसुदे, हक्क कुणाचे, मुखपृष्ठावर शब्दांकनकाराचं नाव असेल की नाही, काम अर्धवट सोडलं तर रेकॉर्डिंग कुणाकडे राहणार. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. आधी एका प्रकरणाचे पैसे देऊन नमुना घ्या आणि घरच्यांना वाचायला द्या. 'हे तू बोलतोयस असं वाटतच नाही' असं ते म्हणाले, तर माणूस बदला.

छापताना काय बघायचं?

छपाई बहुधा १६ पानांच्या फॉर्मने, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या गठ्ठ्याने चालते. म्हणून एकूण पानं १६ च्या पटीत बसवा: १७६, १९२, २०८. मजकूर १९४ पानांवर आला तर दोन पानं कापा, नाहीतर कोऱ्या पानांचे पैसे द्याल. पन्नास-शंभर प्रतींना डिजिटल छपाई, पाचशेच्या पुढे ऑफसेट, म्हणजे प्लेट बनवून केलेली छपाई. रंगीत फोटो मजकुरात विखुरण्यापेक्षा आर्ट पेपरवर एकत्र दिले की स्वस्त पडतात आणि दिसतातही नीट. खाली ओळी लिहिताना 'डावीकडून' कोण कोण ते द्या. आज सगळे ओळखीचे आहेत, नातवंडांना ते नसतील.

आयुष्य तर चालू आहे. मग पुस्तक संपवायचं कुठे?

कार्डांच्या ढिगाला विचारलेला प्रश्न काढा. तो ज्या प्रसंगात मिटतो, किंवा तो आता मिटणार नाही हे ज्या प्रसंगात कळतं, तिथे थांबा. त्यानंतरच्या बढत्या, लग्नं, परदेशवाऱ्या त्या पुस्तकाच्या नव्हेत. सांगायच्याच असतील तर मागे अर्ध्या पानाची टीप पुरते. शेवट सापडत नसेल तर हा जुना उपाय करा: शेवटची दोन पानं काढून ठेवा आणि तिसऱ्या शेवटच्या पानावरचं तळाचं वाक्य वाचा. पुष्कळदा पुस्तक तिथेच संपलेलं असतं.